स्वतंत्र व्यवसायाच्या नावाखाली

"वकिली हा स्वतंत्र व्यवसाय आहे. इथे कुणी कुणाचा नोकर नाही. त्यामुळे बाळंतपणाची रजा, पाळणाघर, सोयीच्या वेळा हे प्रश्न आमच्याकडे उद्भवतच नाहीत." वकिलांच्या परिषदांत, बार रूममधल्या चहाच्या वेळी, निरोप समारंभांच्या भाषणांत हा युक्तिवाद इतक्या सहज मांडला जातो की तो तपासून पाहावा असं कुणाला वाटतही नाही. मांडणारी माणसं वाईट नसतात. त्यांतल्या अनेकांनी ज्युनियर मुलींना मनापासून शिकवलेलं असतं, स्वतःच्या लेकीसुनांना सनद घ्यायला लावलेलं असतं. पण बोलणारा सज्जन आहे म्हणून त्याचं म्हणणं खरं ठरत नाही, हे वकिलांना तरी सांगायला नको. जिल्हा न्यायालयात वकिली करणारी आणि मूल वाढवलेली एक बाई म्हणून मला हा युक्तिवाद कायद्यालाही धरून वाटत नाही आणि व्यवहारालाही. त्याची किंमत चांगल्या, तयारीच्या मुली व्यवसाय सोडून मोजत आहेत. म्हणून हा प्रतिवाद.

हे स्वातंत्र्य नेमकं किती आहे ते आधी बघू. आम्ही न्यायालयात काय घालून उभं राहावं हे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम ठरवतात. नियम ३६ सांगतो की जाहिरात करायची नाही. नियम ४७ सांगतो की जोडीला स्वतः दुसरा धंदा चालवायचा नाही. आणि नियम ४९ सांगतो की वकिली चालू असेपर्यंत कुणाही व्यक्तीची, सरकारची, फर्मची वा कंपनीची पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही. या नियमांना माझा विरोध नाही. वकील पक्षकाराच्या किंवा सरकारच्या दावणीला बांधलेला नसावा, यासाठीच ते केलेले आहेत. पण त्यांचा एक परिणाम असा झाला की पुण्यामुंबईच्या फर्ममध्ये किंवा एखाद्या मोठ्या वकिलाच्या ऑफिसात काम करणारी तरुण वकील कागदावर कर्मचारी राहत नाही. ती 'रिटेनर' असते. तिला महिन्याला मिळतो तो पगार नसतो, व्यावसायिक फी असते, आणि टीडीएसही तसाच कापला जातो. सकाळी दहाला यायचं, रात्री सर निघेपर्यंत थांबायचं, सुट्टी विचारून घ्यायची, स्वतःची केस घ्यायची तर परवानगी मागायची. वर्षभर ती सगळ्या अर्थांनी नोकरी करते. दिवस गेले की मात्र तिला सांगितलं जातं, तू स्वतंत्र व्यावसायिक आहेस.

१९६१ चा मातृत्व लाभ कायदा दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांना लागू होता. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. दिवसातून चार वेळा आईला तिथे बाळाकडे जाता आलं पाहिजे, असंही त्यात लिहिलं आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हीच तरतूद पुढे चालवली. या कायद्याप्रमाणे एखाद्या मोठ्या फर्ममधल्या पगारी टायपिस्टला २६ आठवडे हक्काने मिळतात. तिच्या शेजारच्या टेबलावर बसून तिला मजकूर सांगणाऱ्या वकिलाला ते फर्मच्या मर्जीने मिळतात, किंवा मिळत नाहीत. काही मोठ्या फर्म स्वतःहून रजा देतात, त्यांचं कौतुक आहे. पण मर्जीने मिळालेली गोष्ट मर्जीनेच जाते, आणि ती मागताना बाईला मान खाली घालावी लागते.

हा पेच कुणा सिनियरच्या दुष्टपणामुळे निर्माण झालेला नाही, तो नियमांनी निर्माण केला आहे. ज्या संस्थेने आम्हाला नोकरी करायला बंदी घातली, त्याच संस्थेवर नोकरीतल्या संरक्षणाला पर्याय उभा करण्याची जबाबदारी येते. एका हाताने पगारी नोकरीचा दरवाजा बंद करायचा आणि मग म्हणायचं की रजा पगारी नोकरांनाच असते, हे न्यायाच्या व्यवसायाला शोभत नाही.

दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावर रोजंदारीने खडी फोडणाऱ्या, खड्डे खणणाऱ्या बायकांचं प्रकरण २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. महापालिकेचं म्हणणं होतं की या नियमित कर्मचारी नाहीत, म्हणून त्यांना प्रसूती लाभ नाही. न्यायालयाने ते फेटाळलं. बाळंतपणाच्या काळात लागणारी विश्रांती नेमणूकपत्रावर काय लिहिलं आहे यावरून ठरत नाही, हे त्या निकालाचं मर्म. २०२३ मध्ये कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी लाभ संपत नाही. हे दोन्ही निकाल वकिलांनी युक्तिवाद करून मिळवले. इतरांसाठी जे तत्त्व आम्ही न्यायालयाच्या गळी उतरवलं, ते आमच्या स्वतःच्या ऑफिसांच्या उंबऱ्याशी थांबतं.

"जगात कुठेच स्वतंत्र वकिलांना असं काही नसतं," हे पुढचं वाक्य. तेही खरं नाही. आपला कोट, बँड, बार आणि चेंबर या साऱ्यांचं मूळ घर इंग्लंड. तिथले बॅरिस्टर बहुतांशी आपल्यासारखेच स्वयंरोजगारी आहेत. तरीही तिथल्या बार स्टँडर्ड्स बोर्डाच्या नियमांनुसार प्रत्येक चेंबरला पालकत्व रजेचं लेखी धोरण ठेवावं लागतं. शिवाय स्वयंरोजगारी बाईला तिथलं सरकार प्रसूतीच्या काळात भत्ता देतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एक नियम मंजूर केला. मुख्य वकिलाने बाळंतपणासाठी किंवा दत्तक मुलासाठी मुदत मागितली, तर तीन महिन्यांपर्यंत ती मिळालीच पाहिजे असं गृहीत धरायचं. ती दिल्याने समोरच्या पक्षाचं मोठं नुकसान होतं, हे ज्याला वाटतं त्याने ते दाखवून द्यायचं. म्हणजे सिद्ध करण्याचा पहिला भार आईच्या डोक्यावरून काढून हरकत घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवला. पुराव्याच्या भाराचं महत्त्व वकिलांना मी वेगळं काय सांगणार?

यावर जे उत्तर येतं ते अधिक वजनदार आहे, आणि मी ते गंभीरपणे घेते. "पक्षकाराचं काय? त्याचा दावा आधीच वर्षानुवर्षं पडून आहे. वकील बाईंच्या बाळंतपणासाठी त्याने आणखी का थांबावं?"

आपल्याकडे आज काय होतं ते सांगते. दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर. दुसरा मजला, लिफ्ट नाही. आठवा महिना लागलेली एक वकील सकाळच्या पहिल्या पुकाऱ्याला हजर आहे. तिच्या दाव्यात प्रतिवादीच्या साक्षीदाराचा उलटतपास आहे, आणि तो तिनेच तयार केलेला आहे. साक्षीदार आलेला नाही. "दुपारनंतर बघू," असं ठरतं. ती बाहेरच्या बाकावर बसते, बाकही पक्षकारांनी भरलेला, कुणीतरी सरकून जागा देतं. तीन वाजता पुन्हा पुकारा, पुन्हा साक्षीदार नाही, समोरून मुदत अर्ज, खर्चासह मंजूर. पुढची तारीख पडते ती तिच्या प्रसूतीच्या आठवड्यात. ती उभी राहून तीन महिन्यांनंतरची तारीख मागते. समोरचे वकील 'तीव्र हरकत' असं लिहून देतात. त्या दिवसाचं काम ज्यांच्या साक्षीदारामुळे बुडालं, तेच. बाहेर आल्यावर तिचे सिनियर तिला समजावतात, "अगं, अर्जात वैयक्तिक अडचण एवढंच लिहीत जा. बाळंतपण लिहिलंस की पक्षकार बिथरतो, वकील बदलण्यासाठी नो ऑब्जेक्शन मागायला येतो."

सिनियर तिच्या भल्याचंच सांगत होते. पण या सल्ल्यामुळे काय होतं पाहा. महाराष्ट्रातल्या न्यायालयांच्या रोजनाम्यांत 'वकील वैयक्तिक अडचणीमुळे गैरहजर' ही नोंद सापडते, बाळंतपण सहसा सापडत नाही. जी गोष्ट कागदावर नाही, तिचं धोरणही होत नाही. मग कुणीतरी व्यासपीठावरून सांगतो की आमच्याकडे अशी मागणी कधी आलीच नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ वाचा. एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत असं तो म्हणतो. वकील आजारी आहे किंवा अन्य कारणाने काम चालवू शकत नाही असं सांगितलं, तर पक्षकाराला वेळेत दुसरा वकील नेमणं शक्य नव्हतं याची न्यायालयाने खात्री करून घ्यायची. या तरतुदीचा हेतू चांगला आहे, तारखांचा खेळ थांबवण्याचा. पण तिचा परिणाम असा की काल रात्री ताप भरलेल्या वकिलाला वाट आहे, कारण वेळ नव्हता. बाळंतपण मात्र सहा-सात महिने आधी ठाऊक असतं, म्हणून त्याला सरळ उत्तर एकच उरतं, दुसरा वकील नेमा. जी अडचण सगळ्यांत आधी कळते, जिचं नियोजन सगळ्यांत चांगलं करता येतं, तिलाच आपल्या प्रक्रियेत सगळ्यांत कमी जागा आहे.

पक्षकाराच्या नावाने बोलणाऱ्यांना मी विचारते, उन्हाळी सुट्टीत न्यायालयं बंद राहतात, दिवाळीत राहतात, नाताळात राहतात, तेव्हा पक्षकार थांबतोच ना? बारने कामकाजापासून अलिप्त राहण्याचा ठराव केला की थांबतो. शोकसभेच्या दिवशी थांबतो. सिनियर हायकोर्टात आहेत म्हणून थांबतो, आणि ते कारण चालणार नाही असं संहितेत स्पष्ट लिहिलेलं असूनही थांबतो. सुट्ट्या रद्द करा असं मी म्हणत नाही. इतक्या कारणांसाठी थांबू शकणारी व्यवस्था एका कारणासाठी अजिबात थांबू शकत नाही, हे मला मान्य नाही. जामीन, मनाई हुकूम, मुलाचा ताबा अशी तातडीची प्रकरणं या मुदतीतून वगळा. ती दुसऱ्या वकिलाने चालवावीत यात कुणाही आईला अडचण नाही. बाकीच्या दाव्यांत तीन महिन्यांची, आधी कळवलेली, लेखी मुदत दिल्याने न्याय लांबत नाही. उलट मध्येच वकील बदलला की नव्याला फाइल वाचायला वेळ, दुरुस्ती अर्ज, साक्षीदार परत बोलावण्याचा अर्ज, आणि त्यात तीन महिन्यांपेक्षा कितीतरी जास्त काळ जातो. पक्षकाराचं हित बघायचं तर तेही बघावं.

आणि फाइल एकदा गेली की परत येत नाही. तिशीच्या आतबाहेरच्या वकिलाकडे फाइली असतात तरी किती? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनियर वकिलांना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस करावी लागली यावरूनच परिस्थिती कळते, आणि ती बंधनकारक नाही. तालुक्याच्या न्यायालयात तर अनेक ज्युनियर मुलींना प्रवासखर्च सुटला तरी पुष्कळ वाटतं. अशा मुलीला सहा महिने घरी बस म्हणजे सहा महिने शून्य उत्पन्नावर बस. म्हणून ती दीड महिन्यात परत येते, टाके भरले नसताना येते, किंवा येतच नाही.

"आमच्या काळातल्या बायकांनी हे सगळं निभावलंच की." हे बोलणाऱ्यांत आता ज्येष्ठ वकील बायकाही असतात, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या, तरी त्यांना वकील म्हणून उभं राहण्याचा अधिकार मिळायला १९२३ चा कायदा व्हावा लागला. मिठन लाम मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला वकील झाल्या. इंदिरा जयसिंग १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला ज्येष्ठ अधिवक्ता झाल्या. ही नावं अभिमानाने घ्यावीत. पण ज्या टिकल्या त्यांच्याकडे बोट दाखवून व्यवस्था ठीक आहे असं सिद्ध होत नाही. ज्या गेल्या त्यांना साक्षीला बोलवायला हवं, आणि बार रूममध्ये त्या नाहीत.

त्या कुठे गेल्या याचा अंदाज दोन आकड्यांवरून येतो. २०२१ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी जाहीरपणे सांगितलं की देशातल्या सुमारे १७ लाख वकिलांत महिला केवळ १५ टक्के आहेत, राज्य बार कौन्सिलांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींत २ टक्के, आणि बार कौन्सिल ऑफ इंडियात एकही नाही. दुसरा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२३ च्या अहवालातला आहे. जिल्हा न्यायपालिकेतल्या न्यायाधीशांत महिला ३६.३ टक्के. विधी महाविद्यालयं तीच, पदवी तीच, इमारत तीच, दालनही तेच. डायसच्या वरच्या बाजूला ३६ आणि खालच्या बाजूला १५. वरच्या बाजूला परीक्षेने प्रवेश मिळतो, ओळखीने मिळत नाही, हे एक कारण आहेच. पण तिथे पगार आहे, निवासस्थान आहे आणि प्रसूती रजा आहे, हे दुसरं कारण नाकारता येणार नाही. मुलींना न्यायालयाचं काम झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी या दोन आकड्यांचा खुलासा करावा. तेच काम, त्याच वेळा, तीच माणसं. फरक सोयींचा आहे.

न्यायाधीशांच्या बाजूलाही सगळं ठीक आहे असं नाही. मध्य प्रदेशात काही महिला न्यायाधीशांना परिवीक्षाकाळात काढून टाकण्यात आलं, त्यांतल्या एकीच्या कामाचं मोजमाप करताना तिचा गर्भपात लक्षात घेतला गेला नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघींची सेवासमाप्ती रद्द केली. आणि मे २०२५ पासून दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. न्यायाधीशाला न्यायालयाचा अनुभव हवा, हे तत्त्व म्हणून मलाही पटतं. पण याचा अर्थ असा की ज्या मुली आजवर पदवी घेऊन थेट परीक्षेला जात होत्या, त्यांना आता ही बिनरजेची, बिनपगाराची तीन वर्षं काढावीच लागतील, आणि तीही नेमकी लग्नाच्या आणि पहिल्या मुलाच्या वयात. या तीन वर्षांची व्यवस्था कुणी लावायची?

आता इमारतीबद्दल. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करताना सरन्यायाधीश रमणा यांनीच सांगितलं होतं की देशातल्या २६ टक्के न्यायालय संकुलांत महिलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नाही. पाळणाघराची गोष्ट त्यानंतरची. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या न्यायालयांत स्वच्छतागृहांची सोय करण्याचे आदेश दिले, तान्ह्या बाळाच्या आईसाठी स्वतंत्र खोली हवी हेही त्या निकालात आहे. आदेश झाला याचा आनंद आहे. पण आजही कितीतरी तालुका न्यायालयांत आईने बाळाला पाजायचं ठिकाण म्हणजे कुणाची तरी उभी केलेली मोटार, काचांना ओढण्या लावलेली. नाहीतर बारच्या ग्रंथालयातल्या जुन्या निकालपत्रांच्या कपाटामागची जागा. आजी किंवा मावशी बाळ घेऊन सकाळपासून आवारातल्या झाडाखाली बसून असते. आपला नंबर कधी लागेल हे ठाऊक नसल्याने आई पाजायला गेली की जीव पुकाऱ्याकडे. पुकारा झाला आणि ती नसली, तर दावा गैरहजेरीत निकाली निघू शकतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मुलाचं कल्याण सर्वांत महत्त्वाचं, असं ज्या इमारतीत रोज लिहिलं जातं, त्या इमारतीत मुलाला निजवायला एक खोली असायला हवी. त्याला निधी नाही हे उत्तर मला पटत नाही. वकिलांच्या गाड्यांना जागा सापडते.

काही गोष्टी आपल्याकडे चांगल्या झाल्या आहेत, आणि त्यांतून शिकता येईल. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी अनेक दशकं त्यासाठी लढा दिला. त्या लढ्यात पक्षकाराचा खर्च आणि अंतर यांबद्दल खूप बोललं गेलं, लहान मुलांच्या आयांबद्दल कमी. पण कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या किती वकील बायकांनी केवळ मुंबईच्या मुक्कामामुळे उच्च न्यायालयाचं काम हातचं सोडलं असेल, याचा विचार करा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, दिवसभर बोर्डावर नंबर लागायची वाट, नंबर लागला नाही तर दुसरा मुक्काम, हे तान्हं मूल घरी ठेवून जमत नाही. बेंच जवळ आलं तेव्हा त्यांच्यासाठी अपिलाच्या कामाचा दरवाजा उघडला. तसंच दूरदृश्य सुनावणीचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणत्याही उच्च न्यायालयाने वकिलांना किंवा पक्षकारांना ही सोय नाकारू नये. जिल्हा न्यायालयांत मात्र ती अजून ज्या त्या न्यायाधीशांच्या कलावर आणि इंटरनेटवर चालते. नुसती पुढची तारीख घ्यायला, पुरसिस (लेखी निवेदन) द्यायला, म्हणणं दाखल करायला बाळंतीण बाईला संपूर्ण दिवस आवारात काढावा लागतो. उलटतपास समोरासमोर व्हावा, हे मान्य. बाकी निम्मं काम घरून होऊ शकतं, आणि करोनाच्या काळात ते आपण सगळ्यांनी केलेलं आहे.

"सवलती मागून बायका स्वतःलाच दुय्यम ठरवतात," असंही ऐकते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ च्या तिसऱ्या खंडाने स्त्रियांसाठी विशेष तरतुदींना मोकळीक दिली आहे, अनुच्छेद ४२ ने प्रसूती साहाय्याचं नाव घेऊन राज्याला निर्देश दिला आहे. नोटरी होण्यासाठी सर्वसाधारणपणे १० वर्षांची वकिली लागते, महिलांना ७ वर्षांची. म्हणजे वकील बाईची वर्षं वेगळी मोजावी लागतात हे कायद्याने कधीच मान्य केलं आहे. यावर आणखी शब्द खर्च करायची गरज मला वाटत नाही.

शेवटचा आक्षेप मात्र खरा आहे. "रजा सक्तीची केली तर कोणी मुलींना घेणारच नाही." दोन-तीन ज्युनियर घेऊन चालणारं ऑफिस २६ आठवड्यांची फी एकट्याने सोसू शकत नाही, आणि सोसायला लावली तर पुढच्या वर्षी तिथे मुलगी दिसणार नाही. २०१७ च्या दुरुस्तीतला हा दोष मी मान्य करते, सगळा बोजा मालकावर टाकला गेला. पण याचं उत्तर आपल्याच बारमधल्या एका बॅरिस्टराने १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात दिलेलं आहे. गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा मोठा भार सरकारनेच उचलायला हवा. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. शंभर वर्षं होत आली, आम्ही अजून कुणी भार उचलायचा यावर घुटमळतो आहोत.

वकिलांपुरता तरी मार्ग समोर आहे. महाराष्ट्रात १९८१ चा वकील कल्याण निधी कायदा आहे. प्रत्येक वकीलपत्रावर आम्ही वेलफेअर फंडाचा स्टॅम्प लावतो, पुरुषही लावतात, बायकाही. या निधीतून प्रसूतीच्या काळात ठरावीक महिने ठरावीक रक्कम द्यावी, त्यात राज्य सरकारने आपली भर घालावी, म्हणजे कोणत्याही एका सिनियरवर बोजा पडणार नाही आणि मुलगी घेताना कुणी हिशेब करणार नाही. दुसरी गोष्ट, रजा बापालाही द्या. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. वकील बापाने तेवढे दिवस मुदत मागितली आणि ती सन्मानाने मिळाली, तर मूल ही फक्त बाईची अडचण आहे हा समज बारमधून लवकर जाईल.

म्हणून मागण्या स्पष्ट सांगते. मुंबई उच्च न्यायालयाने परिपत्रक काढून आधी कळवलेल्या बाळंतपणाच्या मुदतीला संमती गृहीत धरावी आणि नुकसान सिद्ध करण्याचा भार हरकत घेणाऱ्यावर ठेवावा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने कल्याण निधीत प्रसूती साहाय्य आणावं, आणि रिटेनर म्हणून वकील ठेवणाऱ्या फर्मना लेखी रजाधोरण बंधनकारक करावं. वांद्र्याला उच्च न्यायालयाचं नवं संकुल उभं राहणार आहे. त्याच्या आराखड्यात वकील, कर्मचारी आणि पक्षकार या तिघांच्याही मुलांसाठी पाळणाघर आजच ठेवावं, नंतर जिन्याखाली जागा शोधू नये. आणि प्रत्येक तालुका बार असोसिएशनने येत्या सर्वसाधारण सभेत ठराव करावा की बाळंतपणासाठी मागितलेल्या मुदतीला आपला एकही सभासद हरकत लिहिणार नाही. याला ना निधी लागतो ना कायदा. हे उद्या होऊ शकतं.

वाचकांपैकी बहुतेक जण वकील नसतील, पण आयुष्यात कधीतरी पक्षकार होतील. तुमच्या वकील बाईंनी सांगितलं की मला तीन महिने लागतील, तर लगेच वकीलपत्र बदलू नका. तुमची फाइल त्यांना पाठ आहे. त्यांच्यासाठी थांबा, आणि बाळाची चौकशी करा.